विश्लेषण : रायफलवर दुर्बीण बसली, पण नेम कधी बसतो? ‘झिरोइंग’ का महत्त्वाचे?

भारतीय लष्कराच्या ७.६२ मिमी असॉल्ट रायफलींसाठी रात्री वापरायच्या दुर्बिणी खरेदी करण्याचा ६५९.४७ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी केला. अंधारात ५०० मीटरपर्यंत नेम साधता येईल, असे या दुर्बिणींबद्दल सांगितले गेले. मात्र दुर्बीण खोक्यातून काढून रायफलवर चढवली, की गोळी आपोआप फुलीवर जाऊन लागते असे नाही. त्याआधी रायफल, दुर्बीण, गोळी आणि जवान या चौघांचा मेळ घालावा लागतो. या कामाला ‘झिरोइंग’ म्हणतात. ते कसे होते, कुठे चुकते आणि त्यावर इतके काय अवलंबून आहे, याचा हा आढावा.

करार नेमका काय आहे?

एमकेयू लिमिटेड आणि मेडबिट टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपन्यांच्या गटाशी हा करार झाला. दुर्बिणींमध्ये ५१ टक्क्यांहून अधिक स्वदेशी भाग असतील. त्या सिग ७१६ या अमेरिकी बनावटीच्या रायफलीसाठी आहेत. भारताने २०१९ मध्ये अशा ७२,४०० रायफलींची मागणी नोंदवली होती. त्यांपैकी ६६,४०० लष्करासाठी, ४,००० हवाई दलासाठी आणि २,००० नौदलासाठी होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये लष्करासाठी आणखी ७३,००० रायफलींची मागणी नोंदवण्यात आली. इन्सासच्या ५.५६ मिमी गोळीपेक्षा सिगची ७.६२ मिमी गोळी जड आहे आणि लांबवर अधिक जोराने लागते. हा लांबचा पल्ला रात्रीही वापरता यावा, हा या खरेदीमागचा हेतू आहे.

या दुर्बिणी ‘इमेज इन्टेन्सिफायर’ प्रकारच्या आहेत. ताऱ्यांचा अंधुक प्रकाश भिंगातून आत येतो, त्याचे इलेक्ट्रॉनमध्ये रूपांतर होते, ते इलेक्ट्रॉन हजारो पटींनी वाढवले जातात आणि पडद्यावर आदळून चित्र उमटते. शरीराची उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणीपेक्षा हे तंत्र वेगळे आहे. पण दोन्हींना एक मर्यादा सारखीच आहे. समोर काय आहे ते दुर्बीण दाखवते. रायफलीची नळी नेमकी कुठे रोखलेली आहे, हे तिला ठाऊक नसते.

दुर्बीण सरळ, नळी सरळ. मग गोळी वाकडी का?

दुर्बीण नळीच्या वर साधारण चार ते सहा सेंटीमीटर उंचीवर बसते. म्हणजे नजरेची रेषा आणि नळीची रेषा या मुळातच दोन वेगळ्या रेषा आहेत. त्यात गोळी सरळ रेषेत जातच नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचू लागते.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. ७.६२ मिमी रायफलीची गोळी साधारण ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. १०० मीटर अंतर कापेपर्यंत ती नळीच्या रेषेपेक्षा सुमारे ८ सेंटीमीटर खाली आलेली असते. ३०० मीटरवर हे अंतर एक मीटरच्या जवळ पोहोचते. ५०० मीटरवर गोळी तीन मीटरच्या आसपास, म्हणजे इमारतीच्या जवळपास एका मजल्याइतकी खाली आलेली असते.

म्हणून नजरेची रेषा सरळ लक्ष्यावर ठेवताना नळी किंचित वर रोखावी लागते. गोळी खालून वर येते, नजरेची रेषा ओलांडते, थोडी वरून जाते आणि पुन्हा खाली येऊन तीच रेषा दुसऱ्यांदा छेदते. ही दुसरी भेट ज्या अंतरावर होते, त्याला त्या रायफलीचा ‘झिरो’ म्हणतात. नळीतून सुटलेली गोळी आधी आपोआप वर चढते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. नळीच वर रोखलेली असते.

पहिली पायरी : गोळी न झाडता

झिरोइंगची सुरुवात स्क्रूपासून होते. दुर्बीण पकडणाऱ्या कड्या आणि पट्टी ढिली असेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने दुर्बीण केसभर हलते आणि दोष मात्र नेमबाजाच्या माथी बसतो. त्यामुळे स्क्रू ठरावीक जोरानेच आवळले जातात. फुलीची उभी रेषा खरोखर उभी आहे का, हेही तपासले जाते. ती तिरकी असेल, तर लांबच्या लक्ष्यासाठी नेम वर नेताना तो बाजूलाही सरकतो.

त्यानंतर ‘बोअरसाइटिंग’. बोल्ट काढता येणाऱ्या रायफलीत मागच्या बाजूने नळीतून थेट लक्ष्याकडे पाहतात. रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच लक्ष्यावर आणतात. ज्या रायफलीत असे पाहता येत नाही, तिच्यात नळीत किंवा नळीच्या तोंडाशी छोटा लेझर बसवतात आणि त्याच्या ठिपक्याशी फुली जुळवतात. दोन्हींचा उपयोग एवढाच, की पहिली गोळी निदान कागदावर पडावी. ‘लेझरने जुळवली, आता रायफल तयार’ हा समज धोक्याचा आहे. लेझरचा किरण पडत नाही आणि रायफलीला धक्काही देत नाही. गोळी दोन्ही करते.

‘ग्रुपिंग’ : एका गोळीवर विश्वास का ठेवायचा नाही?

एनसीसीच्या कॅम्पमध्ये ज्यांनी .२२ रायफल चालवली आहे, त्यांना ‘ग्रुपिंग’ हा शब्द आठवत असेल. पाच गोळ्या टार्गेटच्या मध्यभागी लागल्या का, हे तिथे आधी पाहत नाहीत. त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, ते पाहतात. झिरोइंगचे सगळे तर्कशास्त्र त्यात आहे.

कारण चुका दोन प्रकारच्या असतात. पहिली म्हणजे विखुरणे. श्वास, ट्रिगरवरचा दाब, गोळीतल्या दारूतील सूक्ष्म फरक, तापलेली नळी यांमुळे प्रत्येक गोळी थोडी इकडेतिकडे जाते. दुसरी म्हणजे सरकणे. सगळा पुंजकाच मध्यापासून एका बाजूला पडतो. दुर्बिणीचा स्क्रू फक्त दुसरी चूक दुरुस्त करू शकतो. पहिली चूक सराव, चांगला दारूगोळा आणि नीट देखभाल केलेली रायफल यांनीच कमी होते.

आता एकच गोळी झाडली आणि ती पाच सेंटीमीटर उजवीकडे लागली, तर ती चूक कोणती? एका भोकावरून ते कळूच शकत नाही. तरीही घाईत स्क्रू फिरवला जातो, पुढची गोळी डावीकडे जाते, मग स्क्रू उलटा फिरतो. गोळीच्या मागे धावण्याचा हा खेळ पेटी रिकामी होईपर्यंत चालू शकतो.

यावर उपाय म्हणजे एकाच बिंदूवर नेम धरून तीन ते पाच गोळ्या झाडायच्या, मधे स्क्रूला हात लावायचा नाही आणि मग पुंजक्याचा मध्य काढायचा. संख्याशास्त्राचा साधा नियम इथे लागू होतो. चार गोळ्यांच्या सरासरीतली अनिश्चितता एका गोळीच्या तुलनेत निम्मी असते. ती आणखी निम्मी करायची, तर सोळा गोळ्या लागतात. तीन ते पाच गोळ्यांचा पुंजका हा खात्री आणि खर्च यांच्यातला व्यवहारी तोडगा आहे.

पुंजकाच मोठा आणि विस्कळीत असेल, तर स्क्रूकडे वळण्याआधी माणूस, रायफल आणि गोळ्या तपासाव्या लागतात.

‘क्लिक’चे गणित कसे चालते?

दुर्बिणीवर दोन फिरत्या टोप्या असतात. एक वर-खाली, दुसरी डावी-उजवी. त्या फिरवताना ‘टिक’ असा आवाज होतो, तो एक क्लिक. क्लिक अंतर मोजत नाही, कोन मोजतो.

दोन मापे प्रचलित आहेत. ‘मिनिट ऑफ अँगल’ किंवा एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो साधारण २.९ सेंटीमीटर भरतो. ‘मिल’ म्हणजे रेडियनचा हजारावा भाग. १०० मीटरवर तो बरोबर १० सेंटीमीटर. बऱ्याच दुर्बिणींत एक क्लिक ०.१ मिलचा असतो, म्हणजे १०० मीटरवर १ सेंटीमीटर. पाव एमओएचा क्लिक असेल, तर तो १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर.

उदाहरण घेऊ. १०० मीटरवर पुंजक्याचा मध्य ६ सेंटीमीटर खाली आणि ४ सेंटीमीटर उजवीकडे आला. दुर्बीण ०.१ मिलची आहे. तर ६ क्लिक वर आणि ४ क्लिक डावीकडे. हेच टार्गेट २५ मीटरवर असते, तर तिथे एक क्लिक केवळ अडीच मिलिमीटरचा असल्याने २४ क्लिक वर आणि १६ क्लिक डावीकडे द्यावे लागले असते.

इथे नवख्यांची एक ठरलेली चूक होते. टोपीवरचा बाण सहसा गोळी कुठे सरकेल ते दाखवतो, फुली कुठे सरकेल ते नव्हे. हे उलटे समजले की सहा सेंटीमीटरची चूक बारावर जाते.

दोन गोळ्यांत झिरो होतो का?

हौशी नेमबाजांमध्ये आणखी एक पद्धत लोकप्रिय आहे. रायफल भक्कम आधारावर किंवा शिकंज्यात बसवायची, मध्यावर फुली धरून एक गोळी झाडायची. मग रायफल पुन्हा त्याच मध्यावर रोखून घट्ट धरायची आणि ती तसूभरही न हलू देता टोप्या फिरवत फुली गोळीच्या भोकावर न्यायची. क्लिक मोजायची गरज नाही, गणिताचीही नाही. पुढची गोळी मध्यावर जायला हवी.

तत्त्व बरोबर आहे आणि गोळ्याही वाचतात. पण ही पद्धत त्या एका गोळीला अंतिम सत्य मानते. ती गोळीच भरकटलेली असेल, तर दुर्बीण त्या चुकीशी जुळवली जाते. म्हणून ही पद्धत सुरुवातीला जवळ आणण्यापुरती ठीक. खात्रीसाठी शेवटी पुंजका पाहावाच लागतो.

किती अंतरावर झिरो करायचा?

अनेक देशांच्या सैन्यांत २५ मीटरवर झिरो करून तो पुढच्या अंतरासाठी वापरण्याची पद्धत आहे. मोकळी लांब रेंज मिळणे सोपे नसते आणि २५ मीटरवरची भोके चालत जाऊन पाहता येतात. गोळी नजरेची रेषा दोनदा छेदते, हे वर पाहिलेच. ३०० मीटरच्या आसपास झिरो असलेल्या रायफलीत पहिला छेद साधारण २५ ते ३० मीटरवर येतो. त्यामुळे हा जवळचा रस्ता उपलब्ध होतो.

३०० मीटरच्या झिरोचा फायदा असा, की मधल्या प्रवासात गोळी नजरेच्या रेषेपेक्षा वितीहून अधिक वर जात नाही. चकमकीत जवानाला दर वेळी अंतर मोजून टोपी फिरवायला वेळ नसतो. छातीच्या मध्यावर नेम धरला की ३०० मीटरपर्यंत गोळी धडाच्या मापात राहते.

पण जवळच्या रस्त्याची किंमतही आहे. २५ मीटरवर राहिलेली एका सेंटीमीटरची चूक ३०० मीटरवर १२ आणि ५०० मीटरवर २० सेंटीमीटर होते. कागदावर नखाएवढी दिसणारी चूक प्रत्यक्षात लक्ष्य चुकायला पुरेशी ठरते. म्हणून २५ मीटरवर जुळवलेली रायफल प्रत्यक्ष लांबच्या अंतरावर तपासल्याशिवाय झिरो पूर्ण मानू नये, असा शिरस्ता आहे.

स्वप्नील कुसाळेच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती, तरीही...

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिक रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे गोल कडी, त्या दोहोंतून टार्गेटचा काळा ठिपका पाहायचा. पण त्या छिद्रालाही क्लिकच्या टोप्या असतात आणि तत्त्व तेच असते.

या प्रकारात टार्गेटवरचे १० गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. पात्रता फेरीत मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधी १५ मिनिटे तयारी आणि ‘साइटर्स’साठी मिळतात. या गोळ्यांचे गुण धरले जात नाहीत. टीव्हीवर हा भाग क्वचितच दिसतो, पण नेमबाज तिथेच त्या दिवसाचा वारा, प्रकाश आणि आपला पुंजका वाचतो.

गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून अशा तीन पोझिशन्समध्ये रायफल तीच आणि गोळीही तीच असते. तरी गालाचा टेकू, खांद्याचा दाब आणि डोक्याचा कल बदलतो आणि पुंजका सरकतो. म्हणून प्रत्येक पोझिशनचा झिरो वेगळा असू शकतो आणि नेमबाज तो वहीत लिहून ठेवतात. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील रेंजवर कुसाळेसारखे नेमबाज वर्षानुवर्षे सराव करतात, त्यात या नोंदींचा मोठा वाटा असतो.

हाच धडा लष्कराला लागू होतो. शेजारच्या जवानाने जुळवलेली रायफल आपल्या हातात तशीच लागेल, याची खात्री नसते.

राजस्थानातला झिरो लडाखमध्ये चालतो का?

जवळच्या अंतरावर बहुधा चालतो, लांबवर नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये हवेची घनता साधारण ३० टक्के कमी असते. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो, तिचा वेग टिकतो आणि लांबच्या लक्ष्यावर ती अपेक्षेपेक्षा वर लागते. उलट कडाक्याच्या थंडीत दारूचे ज्वलन मंदावते, गोळीचा सुरुवातीचा वेग घटतो आणि ती खाली लागते. दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध. त्यांची बेरीज प्रत्यक्ष गोळ्या झाडूनच कळते.

डोंगरात आणखी एक पेच असतो. लक्ष्य खूप वर असो किंवा खूप खाली, दोन्ही वेळा गोळी थोडी वर लागते. कारण गोळीच्या घसरणीचा हिशेब तिरक्या अंतरावर नव्हे, साधारणपणे आडव्या अंतरावर होतो आणि ते नेहमी कमी असते.

दारूगोळ्याचा कारखाना किंवा लॉट बदलला तरी पुंजका सरकू शकतो. पुण्याजवळचे खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत. पुणे हे म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय आहे. लॉटमागून लॉट एकसारखा निघणे हा तिथल्या गुणवत्ता तपासणीचा भाग असतो. गोळ्यांमध्ये सातत्य नसेल, तर सीमेवर बसवलेला झिरो पुढच्या पेटीबरोबर बिघडतो.

मग पणाला काय आहे?

साधे गणित करून पाहू. २०१९ आणि २०२४ च्या मागण्या मिळून लष्कराच्या वाट्याच्या सिग ७१६ रायफलींची संख्या १,३९,४०० होते. झिरोइंगसाठी एका रायफलीला २० गोळ्या धरल्या, तर एका फेरीलाच जवळपास २८ लाख गोळ्या लागतील. हा लष्कराचा अधिकृत आकडा नाही, केवळ आवाका समजावा म्हणून केलेला हिशेब आहे. त्यात जवान बदलला, दुर्बीण काढून पुन्हा बसवली, रायफल आपटली किंवा तुकडी वाळवंटातून पर्वतावर गेली, की निदान तपासणी पुन्हा करावी लागते. रात्रीच्या दुर्बिणीसाठी ती रात्रीच्या रेंजवरही करावी लागते.

म्हणजे दुर्बिणींचा खरा खर्च ६५९.४७ कोटींवर संपत नाही. त्यापुढे सरावाच्या गोळ्या, लांब आणि सुरक्षित रेंज, प्रशिक्षक आणि वेळ यांची तरतूद लागते. सिम्युलेटरवर श्वास आणि ट्रिगरचा सराव होतो, पुंजका लहान होतो. पण विशिष्ट रायफलीचा विशिष्ट दुर्बिणीशी मेळ सिम्युलेटर घालू शकत नाही. तो खऱ्या गोळीनेच घालावा लागतो.

ही काटकसर कुठे अंगाशी येते, हेही उघड आहे. १०० मीटरवर चार सेंटीमीटर बाजूला लागणारी रायफल ५०० मीटरवर २० सेंटीमीटर बाजूला लागते. छातीच्या मध्यावर धरलेला नेम तिथे शरीराच्या कडेला किंवा शरीराबाहेर जातो. नियंत्रण रेषेवरच्या अंधारात त्या चुकलेल्या गोळीने जवानाची जागा उघड होते आणि दुसरी संधी मिळेलच असे नाही. वस्तीजवळच्या कारवाईत तर चुकलेली गोळी कुणाला लागेल, हे सांगता येत नाही.

मध्य प्रदेशातील महू येथे लष्कराचे इन्फंट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ च्या ऑलिम्पिकमधील रौप्यपदक विजेता विजयकुमार याच युनिटमधून पुढे आला. पदकासाठी झाडल्या जाणाऱ्या प्रत्येक गोळीमागे सरावाच्या हजारो गोळ्या असतात, हे तिथे वेगळे सांगावे लागत नाही. नव्या दुर्बिणी तुकड्यांपर्यंत पोहोचतील तेव्हा त्यांच्या संख्येबरोबरच सरावाच्या गोळ्या आणि रात्रीच्या रेंजचे दिवस किती वाढले, हेही पाहावे लागेल. करारात सांगितलेले ५०० मीटर प्रत्यक्षात उतरणार की नाही, हे त्यावर ठरेल.